खोडरबर, सिंथेटिक साडी आणि मेलेल्या दोन रॅम

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी विज्ञान शिकवते. "मॅडमले कॉम्प्युटरमधलं समजते" असं कुणीतरी एका बैठकीत बोलून गेलं आणि तेव्हापासून संगणक कक्षही माझ्याच गळ्यात आहे. कक्ष म्हणजे एक खोली, पत्र्याचं छत, लोखंडी टेबलं आणि दहा संगणक. त्यातले सहा लोकसहभागातून मिळालेले, चार नागपूरच्या एका कार्यालयाने नवे घेतल्यावर आम्हाला दिलेले. जानेवारी २०२४ मध्ये या दहांपैकी चालू होते फक्त चार. तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाला आला तर येण्याचेच बाराशे, वर सुट्या भागांचे वेगळे. मग मीच एकेक उघडायचं ठरवलं. ज्यांच्या शाळेत असाच एखादा कक्ष धूळ खातोय आणि कॅबिनेटचा स्क्रू फिरवायची भीती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं नुकसान कुठे झालं ते आधी सांगते.

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४. सकाळची शाळा सुटली होती. सात नंबरचा संगणक चालू केला की नुसता बीप बीप करायचा. त्यावर सगळ्यांना माहीत असलेला घरगुती उपाय म्हणजे रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची लांबट चकती, काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायच्या आणि परत बसवायची. मी सातची रॅम काढली, आणि ताडून पाहायला चालू असलेल्या चार नंबरचीही काढली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दोन्ही छान घासल्या. अंगावर सिंथेटिक साडी. दोन्ही रॅम लोखंडी टेबलावर ठेवल्या, खुर्चीवरून उठले, कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि चारची रॅम उचलायला बोट पुढे केलं. बोटाच्या टोकाशी 'टच्' असा आवाज आला. बारीकशी चुणचुण. आमच्याकडे त्या दिवसांत दाराच्या कडीला हात लावला तरी असं होतं, त्यामुळे मी लक्षसुद्धा दिलं नाही.

ती रॅम परत कधीच चालली नाही. चारमध्ये घालून पाहिली, सातमध्ये घालून पाहिली, वेगळ्या खाचेत घातली. सकाळी सहावीची पोरं त्याच चार नंबरवर चित्रं काढत होती! गंमत म्हणजे सातची घासलेली रॅम चालू लागली आणि मी तेवढ्यावर खूश झाले. एक गेली, एक आली, हिशोब बरोबर. तीन आठवड्यांनी सात नंबर बिघाडाचा निळा पडदा दाखवायला लागला. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवल्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग लागली. ती दुसरी रॅम मुळातच म्हातारी असेल, हेही शक्य आहे. पण पहिलीबद्दल मला शंका नाही.

आता खरी लाजेची गोष्ट. सातवीच्या विज्ञानात 'स्थितिक विद्युत' हा अख्खा पाठ आहे आणि तो मी दरवर्षी शिकवते. फुगा केसांवर घासा, कागदाचे कपटे उचला, सुवर्णपत्र विद्युतदर्शीची आकृती काढा. पोरांना हसवत शिकवते. खोडरबर, प्लास्टिकची खुर्ची आणि सिंथेटिक साडी ही तीच सामग्री आहे हे फळ्यासमोर कधी सुचलं नाही.

चटका बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बसून वाचलं आणि वहीवर आकडेमोड केली. माणसाला चटका जाणवायला अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. त्याखालचं काही कळतच नाही. पण चिपमधले काही भाग शंभर व्होल्टला, काही त्याहूनही कमीला निकामी होतात. म्हणजे चटका बसला नाही म्हणून काही झालं नाही, असं म्हणायची सोय नाही. न जाणवणारेच जास्त. अंगाची विद्युतधारिता साधारण शंभर पिकोफॅरड धरली आणि दहा हजार व्होल्ट धरले, तर ऊर्जा निघते पाच मिलिज्यूल. एक ग्रॅमचा खडूचा तुकडा अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी. इतक्याशा ऊर्जेने माणसाचं काय वाकडं होणार? पण चिपमधला निरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा. त्याला भोक पडायला तेवढं पुष्कळ होतं. आणि कधीकधी पूर्ण भोक पडत नाही, नुसता कमजोर होतो. यंत्र त्या दिवशी चालतं आणि महिन्याने रुसतं. दुरुस्तीवाले "माझ्याकडून नेलं तेव्हा चालू होतं" म्हणतात, ते कित्येकदा खरंही असतं.

मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो हे वाचलं होतं. त्याची वायर अर्थिंगला जोडा, असं सगळीकडे लिहिलेलं. आणि इथे मला आमच्या तीन नंबरची आठवण झाली. तीन नंबरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे पोरांना वर्षभरापासून माहीत होतं. "मॅडम, तीन नंबरवाला गुदगुल्या करते" म्हणून ती एकमेकांचे हात धरून साखळी करून लावायची. मी त्यांना रागवायचे, पण कारण कधी शोधलं नव्हतं.

ही अंगातली वीज नव्हे, ही भिंतीतली. दोन्ही वेगळ्या आहेत आणि लोक एकच समजतात, मीही समजत होते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला खरखराट गाळायला लहान कपॅसिटर असतात आणि ते अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मुख्य पुरवठ्याच्या निम्मा, एकशे पंधरा व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत एखादी वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकली तर? पोरं साखळी करून उभी असताना?

सोमवारी गावातल्या वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावला, एक टोक फेजला, दुसरं मोठ्या पिनेच्या, म्हणजे अर्थिंगच्या, भोकात. बल्ब पेटला नाही. मग भिंतीवरची हिरवी वायर धरत धरत खोलीमागे गेले आणि तिथून हाक मारली. "मॅडम, वायर हाये, पन ते कुठीच गेलं नाही. खाली नुसतं गुंडाळून ठेवलं हाये."

वेटोळं करून चिकटपट्टी लावलेली. कक्ष झाला तेव्हापासून ती तशीच असणार. (ही बल्बची परीक्षा वायरमनकडूनच करून घ्या. एक बोट सरकलं तर काय होईल ते सांगायला नको.)

इथून पुढचा महिना कागदांचा. ज्यांनी सरकारी शाळेत खिळा जरी ठोकलाय त्यांना ओळखीचा वाटेल. आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, माणूस चांगले, पण ऑडिटच्या नावाने त्यांचा रक्तदाब वाढतो. कामाचा अंदाज सात हजारांच्या आत होता, तरी म्हणाले, तीन दरपत्रकं आणा. वायरमनभाऊंचं एक, तालुक्याच्या दोन दुकानांची दोन. ती मिळवायला आठ दिवस. २४ फेब्रुवारीला शाळा व्यवस्थापन समितीची सभा ठेवली. अजेंड्यावर स्नेहसंमेलनाचा हिशोब आधी आणि अर्थिंग शेवटी. शेवटचा विषय येईपर्यंत अर्धे पालक चहा पिऊन निघायच्या बेतात. मी झिणझिण्यांची गोष्ट सांगितली. एक आजोबा उठून कक्षात गेले, तीन नंबरला हात लावून आले आणि म्हणाले, "लिवा ठराव." ठराव झाला. संयुक्त शाळा अनुदानातून खर्च करायचा.

मग पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैसे द्यायची ऑनलाइन प्रणाली. ज्याला पैसे द्यायचे त्याची व्हेंडर म्हणून नोंद करायची, बँक खातं जोडायचं, मग पैसे काढायचे. वायरमनभाऊंच्या पासबुकावर वडलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं अक्षर. ते जुळवण्यात नऊ दिवस गेले. माझी सूचना एवढीच की, दरपत्रक मागतानाच पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागून घ्या आणि आधारशी नाव ताडून बघा. नंतर कुणी फोन उचलत नाही.

९ आणि १० मार्चला खड्डा झाला. खोलीच्या मागे, जिथे पाणी मुरतं त्या बाजूला. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर छोटं चेंबर. दोन्ही दिवस पोरांनी खड्ड्याभोवती फेर धरलेला. "मीठ काहून टाकता वो काका?" मी तिथेच पाच मिनिटांचा तास घेतला. अर्थ टेस्टर कुणाकडून तरी मागून आणला होता, त्यावर ३.८ ओहम दिसला. पाचच्या आत हवा होता. कक्षातली फिरवाफिरव धरून बिल झालं ६,८०० रुपये. १६ मार्चला आचारसंहिता लागली. काम आधीच उरकलं होतं म्हणून निभावलं. पैसे वायरमनभाऊंच्या खात्यात पडले २२ मार्चला.

पत्र्याला हात लावल्यावर काहीच झालं नाही तेव्हा पोरं हिरमुसली. "मॅडम, तुम्ही बिघडवलं ते."

चेंबरवर महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी ओततो. उन्हाळ्यात तेवढं करावंच लागतं.

दरम्यान मी माझी खरेदी केली. मनगटाचा पट्टा २२० रुपये, टेबलावर पसरायची, भार वाहून नेणारी मॅट १,१५०, सुटे भाग ठेवायच्या चंदेरी पिशव्या दहा नग १८० आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ३१०. सगळं ऑनलाइन, स्वतःच्या पैशांनी. जीएसटी बिलावर शाळेचं नाव नसल्याने हे शाळेच्या खर्चात बसत नाही, हे मला नंतर कळलं. तुम्ही मागवताना नाव बदलून घ्या.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच लोक फसतात. बिनवायरचे पट्टे विकायला असतात, दिसायला देखणे. ते घेऊ नका. भार जाणार कुठे? वायर हवीच. त्या वायरीत दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोधक बसवलेला असतो. तो यंत्रासाठी नसून तुमच्यासाठी असतो. चुकून कुठे २३० व्होल्टला स्पर्श झालाच, तर त्याच्यातून जाणारा प्रवाह होतो ०.२३ मिलिअँपिअर, जो जाणवतही नाही. अंगावरचा स्थितिक भार मात्र त्यातूनही क्षणात निघून जातो. म्हणून साधी तांब्याची वायर मनगटाला गुंडाळून "हाच पट्टा" असं कधीही करू नका. माझा पट्टा आल्यावर मल्टिमीटरने चिमटा आणि आतली चकती यांत मोजला, ०.९८ मेगाओहम आला. महिन्यातून एकदा मोजते. वायर आतल्या आत तुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि आपण निर्धास्त.

चकती कातडीला टेकली पाहिजे, बाहीवर नाही. मी डाव्या हाताला बांधते आणि त्या हातातल्या बांगड्या काढून ठेवते. पहिल्या दिवशी काढल्या नव्हत्या तर चकती नीट टेकेचना. अंगठीही काढा; धातूची असल्याने मदरबोर्डावर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, ओरखडा पडतो. मंगळसूत्र वाकल्यावर सरळ मदरबोर्डावर लोंबतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. ते मी पिनेने आत अडकवते. पदर खोचलेला. दुरुस्तीच्या दिवशी सुती साडी आणि प्लास्टिकच्या खुर्चीऐवजी लाकडी स्टूल. मोठ्या सरांनी विचारलं, "आज काही कार्यक्रम हाये का?"

मार्चअखेर उन्हाळा तापला होता. कोकणातल्या किंवा मुंबईच्या मैत्रिणींना मी चटक्याचं सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही, कारण त्यांच्याकडची हवा ओली. कोरड्या हवेत भार अंगावर टिकतो, दमट हवेत आपोआप झिरपून जातो. माझ्या घड्याळाने २८ मार्चच्या दुपारी दोनला १९ टक्के दाखवले. शेजारच्या खोलीतला कूलर ओढून आणला, अर्ध्या तासाने ४७. तेव्हापासून कूलर हे माझं दुरुस्तीचं हत्यार झालं. फक्त त्याचं तोंड टेबलाकडे नाही, भिंतीकडे. उडणारे थेंब बोर्डावर नकोत आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग तर मुळीच नकोत. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे अकरा ते एक मला मोकळे मिळायचे.

६ एप्रिलला पहिला संगणक उघडला. जुन्या सवयीने आधी सगळं बाहेर व्हरांड्यात नेऊन धूळ उडवली. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणायचा मोह झाला होता. पण त्याच्या प्लास्टिकच्या नळीतून धूळ घासत जाते तीच भार तयार करते, म्हणून ब्लोअर मागून आणला. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेने गरगर फिरून तो उलट वीज तयार करतो. आत काय निघालं? तीन कॅबिनेटमध्ये पालीची अंडी, एकात कुंभारमाशीने एसएमपीएसच्या जाळीत बांधलेलं मातीचं घर. आठ नंबरमध्ये कुणाचीतरी गणिताची चिठ्ठी, उत्तरांसकट.

मग ठरलेला क्रम. प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असूनही आत फेज असते. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट मॅटवर आडवं ठेवायचं. मॅटची वायर वायरमनभाऊंनी बनवून दिलेल्या प्लगला. त्या प्लगात फक्त मोठ्या पिनेला वायर जोडलेली आहे, बाकी दोन नुसत्या. (हाही घरी करायचा उद्योग नव्हे.) पट्ट्याचा चिमटा कॅबिनेटच्या पत्र्याला.

आणि पहिल्याच दिवशी तोही चुकीचा लावला. पत्र्याला रंग होता. रंग म्हणजे निरोधक. सहज म्हणून मल्टिमीटर टेकवला तर काहीच जोडलेलं नाही. मी पाऊण तास पट्टा बांधून मिरवत होते. त्या पाऊण तासात नशिबाने नुसते स्क्रूच काढले होते. आता चिमटा एसएमपीएस जिथे कसलेला असतो तिथल्या उघड्या स्क्रूला लावते.

या सगळ्यामागे गोष्ट एवढीच आहे की, मी, मॅट आणि यंत्र तिघं एकाच पातळीवर असलो पाहिजे. फरक नसेल तर ठिणगी पडायला कारणच उरत नाही. एखाद्याकडे पट्टा नसेल, अर्थिंगही धड नसेल, तरी प्लग काढून एक हात सतत कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावर ठेवून काम केलं तरी पुष्कळ वाचतं. फक्त आपण अर्ध्यात उठतो, फोन घेतो, पाणी पितो आणि परत येऊन सरळ रॅमला हात घालतो. माझं तेच झालं होतं.

रॅम कडांनी धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट नाही. खोडरबर मी कंपासपेटीत परत टाकला. आता कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद पुसते. घासल्याने भार होतो तो वेगळाच, शिवाय सोन्याचा पातळ मुलामाही जातो. माझ्या जुन्या रॅम कशात ठेवलेल्या होत्या? थर्माकोलचा तुकडा घातलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. आता चंदेरी पिशवीत. गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी सारखी नाही, हेही सांगून ठेवते. गुलाबी स्वतः भार तयार करत नाही, एवढाच तिचा गुण. चंदेरीत धातूचा थर असतो, तो बाहेरची ठिणगी आत जाऊ देत नाही. पण तोंड दुमडून बंद केलं तरच. पिशवीवर बोर्ड ठेवून चालू करून बघू नका, तो थर वीज वाहून नेऊ शकतो.

एसएमपीएस मी उघडला नाही. तीन नंबरचा आणि नऊ नंबरचा गेला होता, त्या दोन्ही डब्यांवर काही प्रयोग केले नाहीत. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. मनगटाचा पट्टा बांधून तिथे हात घालणं म्हणजे आपणहून अर्थिंग होणं. दोन नवे घेतले, प्रत्येकी ७००. संगणक चालू करून बघायच्या आधी पट्टा सोडायचा, हाही नियम मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवला आहे.

रॅम आणायला ७ एप्रिलला नागपूरला गेले, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. दुकानातल्या पोराने जुनी चार जीबीची डीडीआर-३ जातीची रॅम दाखवली, ६५० रुपये. त्याने ती उघड्या हाताने ड्रॉवरमधून काढली, काचेच्या काउंटरवर सरकवली आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत टाकायला लागला. मी पर्समधून चंदेरी पिशवी काढली. "मॅडम, एवढं काही नसते, आम्ही रोज शंभर विकतो." असेलही. मी दुकानातच दोन्ही लावून दाखवायला सांगितल्या, मगच पैसे दिले. या १,३०० चा भुर्दंड माझाच, दोन्ही माझ्या हातून गेल्या होत्या.

पाडवा झाला, आणि मग घाईच झाली. २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान, आमची शाळा मतदान केंद्र आणि मला स्वतःला ड्युटी दुसऱ्याच गावी. संगणक कक्ष रिकामा करून द्यायचा होता. २० तारखेपर्यंत सगळे पुरे करून २२ ला पोरांच्या मदतीने भांडाराच्या खोलीत हलवले. पोरांनी उत्साहाने धुळीपासून वाचवायला प्लास्टिकचे कागद आणले. मी ते परत पाठवून जुन्या सुती चादरी मागवल्या. "मॅडम, प्लास्टिकनं काय होते?" सहावीच्या एकाने विचारलं. दुसरीने माझ्या आधी उत्तर दिलं, "फुगा घासल्यावानी होते." पुढच्या वर्षी तिला तो पाठ मी काय शिकवणार आहे कोण जाणे.

चालू संगणक झाले सात. मदरबोर्डावरच्या बटणाएवढ्या सीआर-२०३२ बॅटऱ्या दहा, ३५० रुपये, अल्कोहोल आणि थर्मल पेस्ट ३९०, एसएमपीएस १,४००. हे २,१४० लोकसहभागातून. माझे ३,१६०, त्यातले तेराशे दंडाचे. उरलेले तीन संगणक खरंच संपले आहेत. दोघांच्या मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, एकावर कधीतरी पाणी पडलेलं.

त्या तिघांच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव १ जुलैला शाळा सुरू झाल्यावर पाठवला. भंगारवाला दारावर येऊन किलोवर भाव सांगून गेला होता, पण ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचा असा नियम आहे, आणि जडवस्तू नोंदवहीतून नाव कमी झाल्याशिवाय तर स्क्रूही हलवता येत नाही. प्रस्तावाला दोन रॅमही जोडल्या. तक्त्यात रकाना होता, 'नादुरुस्तीचे कारण'. संगणकांपुढे 'कालबाह्य' लिहिलं. रॅमपुढे मोठे सर म्हणाले, तिथंही तेच लिहा. मी लिहिलं, 'हाताळताना स्थितिक विद्युतभारामुळे निकामी'.

आठवड्याने वरून फोन. "मॅडम, हे वीज पडून झालं का? मग तलाठ्याचा पंचनामा लागेल."

"वीज नाही पडली हो. माझ्या बोटातून गेली."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग "बरं, विचारतो साहेबांना."

प्रस्ताव अजून तिथेच आहे. तोवर वस्तू जपून ठेवायची जबाबदारी माझी, म्हणून दोन्ही रॅम माझ्या कपाटात, तोंड दुमडलेल्या चंदेरी पिशवीत.

"मेलेल्याला काहून पिशवी?" मोठ्या सरांनी विचारलं.

पिशव्या उरल्या होत्या.